सगळं २०० ओके, तरी एक टास्क गायब: एस्टिमेटिंगच्या एपीआय टूलचं प्रकरण

प्रकरण एका बांधकाम कंपनीच्या एस्टिमेटिंग डिपार्टमेंटचं आहे. कंपनीचं नाव घेत नाही आणि सॉफ्टवेअरचंही नाही, कारण ही भानगड कुठल्याही सिस्टीममध्ये होऊ शकते आणि नाव घेतलं की लोक "आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाहीये" म्हणून मोकळे होतात.

सेटअप नेहमीचाच. टेंडर आलं की त्याचे टास्क पडतात: ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढायच्या (टेकऑफ), रेट ॲनालिसिस करायचं, सप्लायर आणि सब-कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशन मागवायची, मधेच ॲडेंडम (टेंडरमधल्या बदलांचं पत्रक) आलं की त्यातले बदल घालायचे, शेवटी रिव्ह्यू. हे सगळे टास्क क्लाउडवरच्या एका एस्टिमेटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि प्रत्येकाला आयडी, प्रोजेक्ट, कॉस्ट कोड (खर्च कुठल्या प्रकारच्या कामाचा ते सांगणारा क्रमांक), कोणाकडे आहे, स्टेटस, ड्यू डेट आणि शेवटचा बदल कधी झाला ती वेळ असं सगळं चिकटलेलं असतं. पण एस्टिमेटर लोक त्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर बसत नाहीत, ते एक्सेलमध्ये बसतात. म्हणून कंपनीतल्याच एका डेव्हलपरने एक छोटं टूल लिहिलं, जे दर तासाला सॉफ्टवेअरच्या एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून डेटा मागायची सोय) विचारायचं की मागच्या रननंतर काय काय बदललं, ती रेकॉर्ड्स शंभर-शंभरच्या पेजमध्ये आणायचं, स्वतःच्या डेटाबेसमध्ये टाकायचं आणि त्यावरून प्रत्येकाची कामाची यादी बनवायचं. लोकांना आवडलं. हळूहळू सगळे त्या यादीवरच चालायला लागले, मूळ सॉफ्टवेअर उघडणं जवळपास बंदच झालं, आणि इथूनच खरं तर धोका सुरू होतो.

एका टेंडरला बोली भरायच्या जरा आधी ॲडेंडम आलं. त्यात बरंच काही होतं, त्यातला एक बदल असा की एका स्लॅबची १२ एमएमची सळई आता १६ एमएम, अंतर तेवढंच. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सळईचं मीटरला वजन डायमीटरच्या वर्गाला १६२ ने भागून काढतात, म्हणजे १२ एमएमला ०.८९ किलो आणि १६ एमएमला १.५८ किलो, म्हणजे तेवढ्याच लांबीला स्टील पावणेदोन पटीहून जास्त. हा बदल घालायचा टास्क सॉफ्टवेअरमध्ये रीतसर तयार झाला होता, माणूस नेमलेला होता, तारीख होती. यादीत मात्र तो नव्हता. ज्याच्याकडे काम होतं त्याला माहीतच नाही. वाचले ते एवढ्यासाठी की सिनियर एस्टिमेटर ॲडेंडमचं स्वतःचं वेगळं रजिस्टर ठेवतात, हाताने, जुनी सवय, आणि फायनल रिव्ह्यूला त्यांनी त्यावरून एकेक मुद्दा टिक करायला घेतला तेव्हा सळईपाशी अडकले. आकडा वेळेत दुरुस्त झाला, बोली गेली. मग प्रश्न आला की यादीत तो टास्क का नव्हता, आणि अजून असे किती आहेत.

टूलचे लॉग उघडले तर सगळं हिरवंगार. प्रत्येक कॉलला २००, म्हणजे 'सगळं ठीक' हा कोड, एकही एरर नाही. आणि हेच या प्रकरणातलं सगळ्यात त्रासदायक. टूल पडलं असतं तर कोणीतरी लगेच फोन केला असता, इथे टूल चालू होतं आणि अपुरी यादी पूर्ण म्हणून दाखवत होतं.

पहिला संशय परमिशनवर गेला, आणि तो जायलाच पाहिजे होता. टूल सर्व्हिस अकाउंटच्या (माणसाचं नाही, टूलसाठी काढलेलं खातं) टोकनने चालतं, आणि ते अकाउंट ज्या प्रोजेक्टमध्ये मेंबर नाही त्याचे टास्क बऱ्याच एपीआय देतच नाहीत, ४०३ ('परवानगी नाही') सुद्धा मारत नाहीत, यादीच गुपचूप लहान करून पाठवतात. तपासलं तर एक आख्खं दुसरं प्रोजेक्ट खरंच असं सुटलेलं सापडलं, ते तिथल्या तिथे जोडून घेतलं. पण आपल्या टास्कचं प्रोजेक्ट दिसत होतं, त्याचे बाकीचे टास्क येत होते. म्हणजे हे कारण नाही.

दुसरा संशय डिफॉल्ट फिल्टरचा, कारण काही एपीआय न सांगता फक्त 'ओपन' टास्क देतात, 'होल्ड'वरचे वगळतात. टास्क ओपनच होता. तिसरा तारखेचा. इथे थोडं थांबतो कारण बाकी टीमना हे हमखास चावतं: ड्यू डेट एपीआयमधून नुसती तारीख म्हणून आली, वेळ नाही झोन नाही, तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरतं, आणि त्याच तारखेला वेळ जोडली पण झोन दिला नाही तर लोकल वेळ धरतं. ग्रीनिचच्या पश्चिमेला बसलेल्या माणसाला मग ड्यू डेट एक दिवस आधीची दिसते. बोलीच्या कामात एक दिवस म्हणजे सगळं काही. पण इथे तेही नव्हतं, टास्क चुकीच्या तारखेला दिसत नव्हता, तो डेटाबेसमध्येच नव्हता.

मग पेजिंगवर आलो.

टूल रेकॉर्ड्स मागायचं ती 'शेवटचा बदल' या वेळेनुसार, जुनं आधी, आणि ऑफसेटने: आधी ० पासून १००, मग १०० पासून पुढचे १००, असं. कागदावर बरोबर आहे. आता रांग डोळ्यासमोर आणा. पहिल्या शंभरांची नावं लिहून घेतली, आणि दुसरे शंभर लिहायला जाईपर्यंत चाळिसाव्या नंबरचा माणूस रांगेतून निघून शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या मागचे सगळे एक-एक पाऊल पुढे सरकले. जो १०१ वा होता तो आता १०० वा झाला. आपण म्हणतो "पहिले शंभर झालेत, पुढचे सांगा", आणि मोजायला सुरुवात होते ती मूळच्या १०२ व्यापासून. १०१ वा कोणाच्याच यादीत नाही. एपीआयच्या भाषेत: पहिलं पेज आणल्यावर त्यातला एक टास्क कोणीतरी एडिट केला, त्याची बदलाची वेळ ताजी झाली, तो सॉर्टमध्ये तळाला गेला आणि दुसऱ्या पेजचं पहिलं रेकॉर्ड निसटलं.

बरं, निसटलं तर पुढच्या तासाला येईल ना? नाही येत, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात वाईट वाटतो. पुढचा रन विचारतो "मागच्या रननंतर काय बदललं", आणि निसटलेल्या टास्कला कोणी हातच लावलेला नाही. त्याची बदलाची वेळ आधीच्या खिडकीतली आहे. म्हणजे जोपर्यंत कोणी तो टास्क उघडून काहीतरी बदलत नाही तोपर्यंत तो कधीच येणार नाही, आणि कोणी उघडणार कसा, यादीत दिसतच नाहीये तर! जो टास्क एडिट झाला तो सुखरूप आला, शेजारचा बिचारा निमूट उभा होता तो गेला.

सॉर्ट उलटा असता, नवं आधी, तर? तरीही गळती आहे, वेगळ्या प्रकारची. न वाचलेल्या पेजवरचा टास्क एडिट झाला की तो उडी मारून पहिल्या पेजवर जातो, जे आपण आधीच वाचलंय, म्हणून या रनमध्ये दिसत नाही. पण त्याची वेळ ताजी असल्याने पुढच्या रनमध्ये येतो. म्हणजे तात्पुरती गळती विरुद्ध कायमची.

एवढं सगळं डोक्यात जुळलं, पण पुरावा हवा होता, कारण टूलच्या लॉगमध्ये फक्त "पेज १, १०० रेकॉर्ड" एवढंच लिहिलेलं, आयडी नाहीत. नशिबाने सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टास्कची चेंज हिस्टरी राहते. त्यावरून त्या तासाच्या रनच्या सुरुवातीला रांग कशी होती ती परत मांडली. सळईचा टास्क बरोबर १०१ व्या जागी होता. आणि पेज १ आणि पेज २ च्या कॉलच्या मधल्या वेळात पेज १ वरचा एकच टास्क बदललेला होता, कोणीतरी कोटेशनची फाइल जोडली होती. एकच. यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळत नाही.

पण दोन पेजच्या मधे एवढा वेळ मिळतोच कसा, एक सेकंदाचंही काम नाही ते. इथे टूलच्या रचनेतली दुसरी गोष्ट बाहेर आली. पेज आणलं की टूल त्यातल्या प्रत्येक टास्कसाठी परत एक वेगळा कॉल मारायचं, अटॅचमेंट आणि कमेंट आणायला. म्हणजे एका यादीच्या कॉलमागे शंभर छोटे कॉल, आणि ते संपल्याशिवाय दुसरं पेज नाही. त्यात एपीआयची रेट लिमिट (ठरावीक वेळात किती कॉल चालतील ती मर्यादा), ती लागली की ४२९ हा नकाराचा कोड येतो, टूल थांबतं, परत प्रयत्न करतं. पेज १ आणि पेज २ मधली फट काही मिनिटांची झाली. त्या मिनिटांत दहा एस्टिमेटर काम करत असतील तर काय होणार ते उघड आहे.

आता हे नेहमी का होत नव्हतं? कारण एरवी एका तासात शंभर टास्क बदलत नाहीत, एकाच पेजमध्ये सगळं येतं आणि पेजिंगचा प्रश्नच येत नाही. ॲडेंडम आलं की मात्र नवा ड्रॉइंग सेट जोडला जातो आणि सॉफ्टवेअर त्या प्रोजेक्टच्या सगळ्या टास्कवर एकदम शिक्का मारतं, सगळ्यांची बदलाची वेळ ताजी, एकाच क्षणाची. वेळ सारखी असली की सॉर्टमध्ये त्या आपसात कुठल्या क्रमाने येतील याची डेटाबेस हमी देत नाही, जोपर्यंत आयडीसारखी दुसरी अट क्रमात लावलेली नसते, म्हणजे रांग मुळातच डळमळीत. आणि नेमक्या त्याच वेळी सगळा स्टाफ त्या टास्कमध्ये घुसलेला असतो. म्हणजे टूल शांत दिवशी अचूक आणि बोलीच्या धावपळीत गळकं. टेस्ट करणारा शांत दिवशी टेस्ट करतो, त्याला सगळं बरोबरच दिसणार, यात त्याला दोष देऊन उपयोग नाही.

दुरुस्तीला खरा उपाय कर्सर पेजिंग. म्हणजे "१०० नंतरचे द्या" असं न म्हणता "अमुक वेळ आणि अमुक आयडीच्या पुढचे द्या" म्हणायचं. रांगेतून कोणी हललं तरी आपली खूण जागेवर राहते, हललेला माणूस शेवटी परत भेटतो, दोनदा लिहिला जातो, पण आयडीवर अपसर्ट (रेकॉर्ड आधीच असेल तर तेच बदलायचं, नसेल तर नवं घालायचं) असेल तर दोनदा लिहिल्याने काही बिघडत नाही. दोनदा आलेलं चालतं, न आलेलं चालत नाही. पण या सॉफ्टवेअरमध्ये कर्सर नव्हता, फक्त ऑफसेट, लिमिट आणि सॉर्ट. मग आहे त्यात भागवायचं होतं.

सॉर्ट आयडीवर नेला, चढता. इथे आयडी वाढत जाणारा आकडा होता, टास्क एडिट केला म्हणून तो बदलत नाही, म्हणजे रांगेतली जागा पक्की. एवढ्यावर काम झालं असं वाटलं, पण झालं नव्हतं. टूल 'फक्त ओपन' असा फिल्टरही पाठवायचं. आता पेज १ वरचा टास्क मधल्या वेळात कोणी क्लोज केला तर तो फिल्टरमधून बाहेर पडतो, मागचे पुढे सरकतात, परत तीच गळती. सॉर्ट कितीही स्थिर ठेवा, फिल्टर बदलत्या फील्डवर असेल तर रांग हलतेच. हे सहज लक्षात येत नाही, आणि इंटरनेटवर "आयडीवर सॉर्ट करा" एवढं सांगून सोडणारे खूप आहेत. तेव्हा स्टेटसचा फिल्टर काढून टाकला, सगळे टास्क आणायचे, ओपन कुठले ते आपल्या बाजूला ठरवायचं. क्लोज झालेलं कळायलाही तेच बरं, नाहीतर बंद झालेला टास्क आपल्याकडे कायम उघडाच राहतो.

'अमुक वेळेनंतर बदललेले' हा फिल्टर मात्र ठेवला, आणि तो बदलत्या फील्डवर असूनही चालतो, कारण बदलाची वेळ फक्त पुढे जाते. त्या संचातून कोणी बाहेर पडत नाही, फक्त नवे आत येतात, आणि आत येणाऱ्यामुळे मागचे मागे ढकलले जातात म्हणजे फार तर एखादा दोनदा येईल. जो नवा आपण वाचलेल्या भागात घुसला तो या रनला दिसणार नाही, पण त्याची वेळ रन सुरू झाल्यानंतरची आहे, म्हणून पुढच्या रनला येईल. मात्र पुढच्या रनची खूण ही या रनच्या सुरुवातीची वेळ असली पाहिजे. शेवटची नाही. आणि वेळ आपल्या मशीनच्या घड्याळाची नको, सर्व्हरच्या उत्तराबरोबर डेट हेडर (वेळेची नोंद) येतो त्यातली घ्यायची, दोन घड्याळं कधीच जुळत नसतात. वर अजून थोडं मागे सरकून विचारायचं, काही मिनिटांचा ओव्हरलॅप, कारण सर्व्हरवर एखादा बदल वेळेचा शिक्का घेतो आधी आणि डेटाबेसमध्ये कमिट होतो (पक्का लिहिला जातो) नंतर, त्या फटीत आपण विचारून गेलो तर तोही सुटतो.

राहिलं कायमचं डिलीट. टास्क खरोखर पुसला गेला की आयडीची रांगही सरकते. त्यासाठी प्रत्येक पुढचं पेज एक रेकॉर्ड आधीपासून मागवायचं ठरलं. मागच्या पेजचा शेवटचा आयडी नव्या पेजवर पहिलाच दिसला तर सगळं ठीक, नाही दिसला तर काहीतरी हललंय, थोडं मागे जाऊन परत वाचायचं. ऑफसेट मिळत होता म्हणून हे जमलं, ज्या एपीआय फक्त पेज नंबर देतात तिथे असा एक रेकॉर्डचा ओव्हरलॅप करता येत नाही.

आणि यादीचे कॉल आधी सगळे उरकायचे, अटॅचमेंट वगैरे नंतर सावकाश. फट मिनिटांवरून सेकंदांवर आली. खरं तर नुसता एवढा बदल केला असता तरी तक्रारी थांबल्या असत्या, आणि म्हणूनच तो एकटा करायचा नाही असं मी ठामपणे म्हणालो. गळती दुर्मिळ झाली की सापडायचीच बंद होते.

या तपासात ४२९ चं अजून एक सापडलं. काही वेळा परत प्रयत्न करूनही लिमिट सुटली नाही की टूलचा लूप तिथेच संपायचा आणि तोपर्यंत आलेलं तेवढं सेव्ह करून "यशस्वी" लिहायचा. ४२९ हा कोड २०१२ च्या आरएफसी ६५८५ (इंटरनेटचं एक मानक) मधून आला, त्यात सर्व्हर रिट्राय-आफ्टर हेडर देऊ शकतो, म्हणजे परत कधी विचारायचं ते. त्या हेडरमध्ये सेकंदांचा आकडा असू शकतो किंवा पूर्ण तारीख, आणि टूलला फक्त आकडा वाचता यायचा. आता दोन्ही वाचतं, आणि पेज अर्धवट राहिली तर रन फेल धरतं, खूण पुढे सरकवत नाही.

जाता जाता कॉस्ट कोड. मास्टरफॉर्मॅटमध्ये (बांधकामातल्या कामांना कोड द्यायची एक ठरलेली पद्धत) ०३ डिव्हिजन काँक्रीटचं, सळई ०३ २० ०० मध्ये येते. टूलने हा कोड आकडा समजून वाचला तर सुरुवातीचा शून्य उडतो आणि ग्रुपिंग विस्कटतं. कोड म्हणजे टेक्स्ट, त्याची बेरीज कोणी करत नाही. क्वांटिटी आणि रेटही शक्यतो डेसिमल म्हणून वाचा, फ्लोटमध्ये (कॉम्प्युटरची अपूर्णांक साठवायची अंदाजी पद्धत) ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे फ्लोटच वापरतात.

एक गोष्ट नंतर जोडली गेली. कंपनीने हेच टूल एआय असिस्टंटला जोडलं, एमसीपीवरून (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरची टूल जोडायची पद्धत, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आला तो), म्हणजे एस्टिमेटर विचारणार "उद्याच्या आत काय काय संपवायचंय" आणि असिस्टंट टूलला कॉल करून सांगणार. इथे जुनाच रोग नव्या रूपात आला. टूल मॉडेलला पहिले काही टास्क द्यायचं, कारण सगळे दिले तर मजकूर फार मोठा होतो, आणि मॉडेल तेवढ्यावरून छान वाक्यात पूर्ण उत्तर द्यायचं. यादी निदान तुटक दिसते, चांगल्या वाक्यात लिहिलेलं उत्तर कोणी परत तपासत नाही. म्हणून टूलच्या उत्तरात वरतीच लिहून पाठवायला लावलं: एकूण किती आहेत, यात किती दिलेत, अजून आहेत की नाहीत, शेवटचा पूर्ण रन कधीचा. आणि ड्यू डेट, प्रोजेक्ट, माणूस हे फिल्टर टूललाच दिले, म्हणजे मॉडेलला ढिगातून शोधावं लागत नाही. स्क्रीनवरच्या यादीच्या वरही तीच ओळ येते. ती ओळ लाल झाली की लोक मूळ सॉफ्टवेअर उघडतात, अगदी चिडत चिडत, पण उघडतात.

रात्री एक वेगळा रन लावलाय जो फक्त सगळे आयडी आणतो आणि आपल्याकडच्यांशी ताडून बघतो. तिकडे आहे इकडे नाही, तर एकेकटा मागवून घेतो. इकडे आहे तिकडे नाही, तर त्या आयडीवर सरळ विचारतो, आणि ४०४ ('सापडत नाही') आला तरी टूल तो टास्क पुसत नाही, कारण परमिशन काढून घेतली तरी बऱ्याच सिस्टीम ४०४ च देतात. असे टास्क यादीत वेगळ्या गटात "मूळ सिस्टीममध्ये सापडत नाही" म्हणून दिसतात, आणि ते ठेवायचे की काढायचे हे त्या त्या टेंडरचा एस्टिमेटर ठरवतो.